कौलारू माळ्यावरचा उकाडा
दापोलीजवळच्या आमच्या जुन्या घरात माळ्याचे उतरते छत वाशांना ठोकलेल्या फळ्यांचे असल्याने एप्रिल-मेमध्ये तापलेल्या मंगलोरी कौलांची धग मध्यरात्रीपर्यंत खाली उतरत असे. प्रथम मी कौले आणि फळ्या यांमधली सगळी पोकळी थर्माकोलने भरली, ती चूकच होती. झिरपलेले पाणी वाळेना आणि श्रावणात एका वाशाचे लाकूड अंगठ्याखाली दबले. तो वासा बदलून, थर्माकोल काढून, वाशांच्या मधोमध अॅल्युमिनियमचा फॉइल ताणून बसवला, वर-खाली दोन-दोन इंच मोकळे ठेवले. चकचकीत बाजू खाली ठेवली, कारण वर ठेवल्यास धूळ साचून तिचा गुण जातो. वळचणीला व आढ्याला जाळी लावून हवेला वाट दिली. ती बुजवू नये, हे मी आवर्जून सांगेन. आता माळ्यावर रात्री झोपता येते.