संक्रांतीआधी खोका तयार ठेवा

पतंगाच्या मांजात अडकून जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी भोगीच्या दोन दिवस आधीच मी किराणा दुकानातून दोन खोके मागून आणते. एक बुटांच्या खोक्याएवढा, पोपट-कबुतरासाठी. दुसरा तेलाच्या पाकिटांचा, घारीसाठी. ती चोचीपासून शेपटीपर्यंत जवळपास दोन फूट भरते. पक्ष्याला आत बसता यावं पण पंख फडफडवता येऊ नयेत, एवढीच जागा हवी. भोकं आतून बाहेर पाडायची, म्हणजे पुठ्ठ्याची खरखरीत कड बाहेर राहते. तळाशी जुन्या सुती चादरीची घडी घालायची. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. पिंजरा तर मुळीच नको, गजांवर आपटून पिसं तुटतात.

खोक्याशेजारी पिशवी: बोथट टोकाची कात्री, गॉझ, वेल्डिंगवाले घालतात ते चामड्याचे हातमोजे, जुनी ओढणी, गरम पाण्याची पिशवी, वही आणि पेन. हळद आणि मलमं घरातच राहू द्या. मलम पिसांना लागलं की ती चिकटतात आणि पक्ष्याला उडता येत नाही. फोनमध्ये वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आणि जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता आजच घालून ठेवा. आम्हा नागपूरकरांना सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. बाकीच्यांनी आपल्या गावात संक्रांतीच्या दिवशी कोणता डॉक्टर हजर असतो, ते आधीच विचारून ठेवावं.

पक्षी सापडला की आधी ओढणी टाकून त्याचं डोकं झाका. अंधार झाला की तो शांत होतो. मग पंख अंगालगत मिटवून दोन्ही हातांनी उचला, पण छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो. घारीच्या चोचीपेक्षा तिच्या पंजांपासून जास्त सांभाळा.

मांजा ओढू नका. हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. पहिल्या वर्षी एका घारीच्या पंखात रुतलेला धागा मी घाईने खेचला आणि तो आणखी खोल चिरत गेला. धागा जखमेच्या दोन्ही बाजूंना थोडा राखून कापा, रुतलेला भाग डॉक्टरांना काढू द्या. रक्त वाहत असेल तर गॉझ ठेवून हलकेच दाबून धरा. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. तहान लागली असेल म्हणून मायेने पाजलेलं पाणीच जीव घेतं, हे लोकांना पटवणं मला सगळ्यात जड जातं.

पक्षी विजेच्या तारेवर लटकत असेल तर बांबू घेऊन चढू नका, महावितरणला कळवा. उंच झाडावर असेल तर अग्निशमन दलाला. वटवाघळाला उघड्या हाताने कधीच शिवू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवून लगेच दवाखाना गाठा, कारण रेबीजचा धोका असतो.

नेताना खोका गाडीत सीटखाली, सपाट जागी. गाणी बंद, आत डोकावणं बंद, फोटो नाही. दुचाकीवर मागे बसणाऱ्याने खोका मांडीवर घट्ट धरावा. जानेवारीची रात्र असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे उकडलं तर पक्ष्याला सरकता येईल. रात्रभर घरी ठेवावं लागलं तरी १९२६ वर कळवून ठेवा. पोपटसुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, बरा झाला म्हणून तो आपला होत नाही.

वहीत जागा आणि वेळ लिहा: कोणतं झाड, कोणता चौक. बरा झाल्यावर त्याला तिथेच सोडायचं असतं. आणि पंधरा तारखेला खोका रद्दीत देऊ नका. नायलॉन मांजावर हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, तरी तो झाडांत लोंबत राहतो, आणि कुजत नसल्याने फेब्रुवारीतही पक्षी त्यात अडकतात. माझा खोका होळीपर्यंत दारामागेच असतो.