मुंबईचा पाऊस भरतीबरोबर कसा वाचावा

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घराबाहेर पडण्यापूर्वी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: आज पाऊस किती आहे? हा प्रश्न अपुरा आहे. पाणी कुठे आणि किती वेळ तुंबेल हे तीन गोष्टींवर ठरते: पाऊस नेमका कोणत्या भागात पडतो आहे, किती तासांत पडतो आहे आणि त्या वेळी समुद्राला भरती आहे की ओहोटी. या तिन्हींची माहिती कोणालाही विनामूल्य मिळते, आणि ती एकत्र वाचायला प्रत्येक मुंबईकराने शिकावे असे मला मनापासून वाटते.

प्रथम आकड्यांविषयी. सकाळी जाहीर होणारा पाऊस हा आदल्या दिवशीच्या साडेआठपासून त्या दिवशीच्या साडेआठपर्यंतच्या 24 तासांचा असतो; म्हणजे जो आकडा आपण वाचतो तो पाऊस पडून गेलेला असतो आणि पुढच्या काही तासांविषयी तो काहीच सांगत नाही. हवामान विभागाच्या भाषेत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 मिमी म्हणजे अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. मुंबईसाठी हे आकडे प्रामुख्याने कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे दिले जातात, आणि त्यांतील अंतर किती असू शकते हे 26 जुलै 2005 रोजी दिसले: सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम 73 मिमी. म्हणून दादरच्या पुढे उत्तरेला राहणाऱ्याने सांताक्रूझचा आकडा पाहावा, आणि शक्य असेल तर महापालिकेच्या आपल्या विभागातील पर्जन्यमापक केंद्राची नोंद पाहावी.

इशाऱ्याच्या रंगांचा अर्थ थोडक्यात असा: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हा रंग संपूर्ण जिल्ह्याला दिलेला असतो, त्यामुळे पिवळ्या दिवशीही एखाद्या उपनगरात तासाभराची मोठी सर कोसळू शकते. रंगावरून दिवसाची आखणी करावी. निघण्याची वेळ मात्र भरतीवरून ठरवावी.

भरतीला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी नाल्यांची रचना लक्षात घ्यावी लागते. मुंबईचा मोठा भाग भराव घालून जोडलेल्या बेटांवर वसलेला असून कित्येक ठिकाणची जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडे समुद्रात किंवा खाडीत उघडतात; ओहोटीला पाणी उताराने आपोआप निघून जाते, परंतु भरतीचे पाणी तोंडाच्या वर चढले की ते अडते, आणि तोंडाला दार नसेल तर समुद्रच उलट आत शिरतो. अशा वेळी हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला आणि गझधरबंध येथील पंपांवरच भिस्त असते. जुन्या वाहिन्या ताशी 25 मिमी पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. या वाहिन्या सुधारण्याच्या महापालिकेच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ताशी 50 मिमी हे प्रमाण धरण्यात आले. म्हणूनच 100 मिमी पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर शहर चालू राहते, आणि तेवढाच पाऊस दोन तासांत ऐन भरतीला पडला तर हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे पाण्याखाली जातात.

साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा महापालिका पावसाळ्याच्या सुरुवातीलाच जाहीर करते. ते पत्रक स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेशेजारी लावून ठेवावे. पत्रक हाताशी नसेल तर कोकण किनाऱ्यावर चालत आलेला जुना हिशेब वापरावा: तिथीच्या अंकाला पाऊण पटीने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्ष वेळ यापेक्षा सुमारे तासाभराने मागेपुढे असू शकते, त्यामुळे महत्त्वाच्या दिवशी पत्रकच प्रमाण मानावे. भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते, आणि दिवसातल्या दोन भरतींमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते.

या हिशेबातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. उधाणाची भरती पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत सर्वांत मोठी असते, आणि मुंबईत ती नेहमीच दुपारी बारा-एकच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास येते; म्हणजे त्या दिवसांत कार्यालयाच्या वेळी पाणी उतरत असते किंवा चढायला नुकतीच सुरुवात झालेली असते. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीचे दिवस येतात. तेव्हा भरती गर्दीच्या वेळीच येते, परंतु तिची उंची कमी असल्याने नाल्यांना तितका अडथळा होत नाही. तेव्हा उधाणाच्या दिवसांत मुलांना शाळेतून आणणे, रुग्णालयातली भेट किंवा विमानतळाचा प्रवास सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेबाहेर ठेवावा. घरकामाला येणाऱ्या ताईंना त्या दिवशी लवकर किंवा उशिरा येण्याची मोकळीक द्यावी, कारण सखल वस्तीतून चालत येणाऱ्याला या पाण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

निघण्याच्या तासाभर आधी दोन गोष्टी पाहाव्यात: हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज, आणि कुलाबा किंवा वेरावली येथील डॉपलर रडारचे चित्र. भर पावसाळ्यात ढगांचे पट्टे समुद्रावरून, पश्चिमेकडून येतात. एकटा पट्टा असेल तर तो सरकून जाईपर्यंत थांबावे, परंतु एकामागून एक पट्टे त्याच जागी येत असतील आणि भरती दोन तासांच्या आत असेल, तर प्रवास रद्द करणेच योग्य. आधीच बाहेर असाल तर उंच जागी, शक्यतो स्थानकात किंवा कार्यालयात, पाणी ओसरेपर्यंत थांबावे. वाहन भुयारी मार्गात घालू नये, आणि तुंबलेल्या पाण्यातून चालावेच लागले तर उघड्या मॅनहोलच्या धोक्यामुळे काठीने चाचपत चालावे. मदतीसाठी महापालिकेचा क्रमांक 1916 आहे.

मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आणि परतण्याची 8 ऑक्टोबर मानली जाते; 2025 मध्ये तो 26 मे रोजीच दाखल झाला, तेव्हा वरची तयारी मेच्या मध्यापर्यंत झालेली असावी. मोसमाच्या या दोन्ही टोकांचा पाऊस मात्र वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. तेव्हा ढग बहुधा दुपारनंतर ठाणे आणि नवी मुंबईच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून येतात, सर थोडा वेळ टिकते, आणि पाण्यापेक्षा विजेची आणि वाऱ्याची भीती अधिक असते. अशा संध्याकाळी रडारची पूर्वेची बाजू पाहावी, विजेच्या सूचनेसाठी दामिनी हे अ‍ॅप वापरावे, आणि गडगडाट ऐकू येताच गच्ची, मैदान आणि चौपाटी सोडून पक्क्या इमारतीत जावे.