इंग्रजी क्रियापदांना 'ई-डी' लावताना होणाऱ्या चुका: मराठी कुठे आडवी येते?

मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) करून पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलेल्या मुलाला इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता बहुधा पाठ असतो. तरीही बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला बसलं की तोंडातून 'आय डिड नॉट वर्क्ड देअर' निघून जातं. वर्क, कॉल, स्टॉप, कॅरी ही सगळी नियमित, म्हणजे भूतकाळात 'ई-डी' घेणारी क्रियापदं. त्यांची रूपं मोजून चार: वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. मग अडतं कुठे? वाक्य मनात मराठीत जुळतं आणि नंतर त्यावर इंग्रजी शब्द चढतात, तिथे. त्यामुळे तक्ता आणखी घोकून फारसा फरक पडत नाही, असं माझं मत.

'डिड नॉट वर्क्ड'चंच घ्या. 'मी काम केलं नाही' यात भूतकाळ 'केलं'मध्ये बसलाय, 'नाही' नुसता मागून येतो. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतो, म्हणून पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं: डिड नॉट वर्क, डिड यू कॉल? सीमाभागातल्या माणसाला ही रचना खरं तर नवी नाही. कन्नडमध्ये 'माडिदा' म्हणजे त्याने केलं. पण केलं नाही म्हणायचं तर 'माडलिल्ल'. भूतकाळाचं रूप गेलं, आणि मी, तू, ते सगळ्यांना 'माडलिल्ल'च. सीमावाद आपल्या जागी राहू दे, 'डिड नॉट' म्हणताना मात्र कन्नड आठवा.

याहून चिवट चूक 'असतं तर'ची आहे. 'बस थांबली असती तर मी चढलो असतो' यात दोन्हीकडे 'असणं' आहे, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' येतं: 'इफ द बस वुड हॅव स्टॉप्ड, आय वुड हॅव बोर्डेड इट'. इंग्रजी ही दोन अंगं वेगळी ठेवते. 'इफ'च्या बाजूला 'हॅड', निकालाच्या बाजूला 'वुड हॅव': 'इफ द बस हॅड स्टॉप्ड, आय वुड हॅव बोर्डेड इट'. बोलताना 'इफ' उच्चारलं की पुढच्या स्वल्पविरामापर्यंत 'वुड' तोंडात येऊ द्यायचा नाही. एवढं पाळलं तरी निम्मी वाक्यं सुधारतात.

'खानापूरला गाडी पोचली की फोन करते' हे आपण सहज म्हणतो. 'पोचली' दिसायला भूतकाळ, पण गोष्ट अजून व्हायचीय. त्यातून 'व्हेन द ट्रेन अराइव्ड, आय विल कॉल' तयार होतं. कोणी टोकलं, की घाईने 'व्हेन द ट्रेन विल अराइव' होतं, तेही चूकच. 'व्हेन द ट्रेन अराइव्ज, आय विल कॉल' एवढं साधं आहे ते.

मराठीत 'मी कालच अर्ज दिलाय' चालतं, इंग्रजीत 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे' चालत नाही. संपून गेलेली वेळ सांगितली की 'हॅव' काढायचा. 1924 साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष गांधीजी होते. इथे 'गांधीजी प्रिसाइडेड', 'हॅज प्रिसाइडेड' नव्हे. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. साल सांगायचं असेल तर 'दे रीनेम्ड द सिटी इन 2014'. साल गाळलं तर 'दे हॅव रीनेम्ड द सिटी' बरोबर. 'दहा वर्षं इथे काम करतोय' याचं उलट होतं. तिथे 'हॅव' हवाच, पण आपण 'आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टेन इयर्स' म्हणतो. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स' म्हणा.

'एस'चा घोळ मात्र मराठीने केलेला नाही. नामाला 'एस' लागला की अनेकवचन, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की 'द बॉइज प्लेज' आणि 'ही प्ले' अशी उलटापालट होते. क्रियापदाचा 'एस' फक्त ही, शी, इट आणि एकट्या नावाला, तोही फक्त वर्तमानात. कॅन, मस्ट, विल यांच्यानंतर तर कधीच नाही.

उच्चाराकडे शाळेत कोणी बघत नाही, म्हणून 'वॉकेड', 'स्टॉपेड', 'कॉलेड' ऐकू येतं. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज बघा, स्पेलिंग नको. क, प, फ, स, श, च यांच्यावर संपलं तर 'ई-डी'चा आवाज 'ट': वॉक्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, वॉश्ट. ट किंवा ड वर संपलं तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: वॉन्टिड, नीडिड. बाकी सगळीकडे नुसता 'ड': कॉल्ड, प्लेड, क्लीन्ड. शंका आली तर मूळ क्रियापद म्हणून गळ्यावर बोट ठेवा. ट आणि ड वगळता, शेवटच्या आवाजाला कंप जाणवला तर 'ड', नाही तर 'ट'.

स्पेलिंगचं थोडक्यात: कॅरीचा 'वाय' जाऊन 'आय' येतो, प्लेचा राहतो, कारण त्याच्या आधी स्वर आहे. स्टॉपचा 'पी' दुप्पट होतो. व्हिजिटचा 'टी' होत नाही, कारण जोर पहिल्या अक्षरावर. प्रिफरचा 'आर' होतो, कारण जोर शेवटी. ट्रॅव्हल्डला ब्रिटिश पद्धतीने दोन 'एल', अमेरिकन पद्धतीने एक.

शेवटी अर्ज. सीमाभागात कागदपत्रांवरचं नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतं, आणि दुरुस्तीचा अर्ज इंग्रजीत लिहावा लागतो. 'आय रिक्वेस्ट दॅट द ऑफिस करेक्ट माय नेम' हे वाचून कोणीतरी हमखास 'करेक्ट'ला 'एस' जोडून देतं. जोडू नका. विनंती, सूचना, मागणी यांच्यामागे 'दॅट' आलं की क्रियापद मूळ रूपात राहतं. 'रिक्वेस्ट'चं 'रिक्वेस्टेड' झालं तरी 'करेक्ट'चं 'करेक्टेड' होत नाही. हे रूप जड वाटलं तर 'शुड करेक्ट' लिहा, कारकून तेही घेतो.