पोरगं हाताबाहेर गेलंय? मर्यादा घालताना या चुका टाळा

तिशीतलं पोरगं दारूपायी नाहीतर मोबाइलवरच्या जुगारापायी घर पोखरत असेल, तर पहिली चूक बोलण्यातच होते. "आजपासून पिणं बंद" म्हणून उपयोग नाही, कारण त्याचं पिणं तुमच्या हातात नाही. तुमचा पैसा, तुमचं दार, तुमची सही एवढंच तुमच्या हातात आहे. म्हणून असं सांगा: "पिऊन आलास तर ओसरीत झोपायचं. जेवण झाकून ठेवू, रोख पैसे मिळणार नाहीत." सांगायचं सकाळी, तो शुद्धीत असताना. भावकी गोळा करून तर मुळीच नाही. चारचौघांत अब्रू गेली की तो मुद्दा सोडून अपमानावरच भांडतो.

बाप नाही म्हणतो आणि माय दुधाच्या पैशातले दोनशे गुपचूप हातावर ठेवते. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. आधी दोघांनी एकमत करा. जे दोघांनाही निभेल तेवढंच बोला. नकारानंतर सुरुवातीला आदळआपट वाढतेच. तिसऱ्या दिवशी वैतागून पैसे दिले, तर तीन दिवस ओरडलं की मिळतात, एवढंच तो शिकतो.

खरी गळती हंगामात. सोयाबीन-कापसाचा पैसा आला की आडत्या आणि कृषी सेवा केंद्रवाला तुमची पत बघून त्याला उधार देतात. स्वतः जाऊन सांगा, "त्याच्या उधारीला आम्ही बांधील नाही." सज्ञान मुलाने स्वतःच्या नावावर काढलेलं कर्ज, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर फेडायला तुम्ही कायद्याने बांधलेले नाही. कोऱ्या चेकवर सही नको, एटीएमचा पिन बदला. ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेला पैसा, उडवून बसला आणि तुम्ही एकदा फेडली, की पुढच्या वर्षी मुकादम तुमच्याकडे बघूनच उचल देणार.

"वावर नावावर केलं की जबाबदारी येईल" ही घाई महागात पडते. स्वकष्टाच्या जमिनीचं बक्षीसपत्र करायचंच असेल, तर त्यात सांभाळाची अट लिहून घ्या. वय साठच्या पुढे असेल आणि अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. वडिलोपार्जित जमिनीत मात्र त्याचा जन्मतः हिस्सा असतो, तिथे "काहीच देणार नाही" ही धमकी पोकळ.

लग्न लावून तो सुधारत नाही. एका परक्या पोरीवर राखण सोपवली जाते.

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडणं जिवावर बेततं. एकदम थांबवल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं, जवळ असेल तिथल्या मानसोपचार विभागात दाखवा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करा.

"पैसे दे, नाहीतर औषध पितो" याला दोन टोकांची उत्तरं दिली जातात: घाबरून पैसे, नाहीतर "पी मग". दोन्ही चूक. पैसे द्यायचे नाहीत, पण त्याला एकटंही सोडायचं नाही. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली त्याला सापडू देऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. मारहाणीवर आला तर ११२. फवारणीचं औषध प्यालाच, तर मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. लगेच १०८ लावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.