आयफॅक: बचावकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

बचाव पथकात किंवा रुग्णवाहिकेवर नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, आयफॅकमध्ये काय काय भरायचं?" आयफॅक (IFAK) म्हणजे प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगायची प्रथमोपचाराची थैली. यादी मी देतेच, पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेते. कमरेला लावलेली ही थैली आधी तुमच्या स्वतःसाठी आहे. तुम्ही जखमी झालात तर साथीदार तुमच्याच थैलीतलं सामान तुमच्यावर वापरणार; त्याचं सामान त्याच्यासाठी शिल्लक राहायला हवं. म्हणून पथकातल्या प्रत्येकाची थैली एकाच जागी आणि एकाच पद्धतीने भरलेली असली पाहिजे. टूर्निकेट, म्हणजे हातपाय आवळून रक्त थांबवणारा दांडीचा पट्टा, बाहेरच्या बाजूला, प्लॅस्टिकचं वेष्टण काढून, दोन्ही हात पोचतील असा. रात्री घाटात, टॉर्च दुसऱ्याच्या हातात असताना, चेन उघडून शोधाशोध करत बसायला वेळ नसतो.

ही थैली आली सैन्यातून. 2001 ते 2011 या काळातल्या 4,596 अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. बहुतेक जण दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच गेले होते, आणि त्यांच्यापैकी ज्यांना वाचवता आलं असतं त्यांच्यातले सुमारे नव्वद टक्के रक्तस्रावाने गेले होते. म्हणून क्रम असा: आधी धो-धो वाहणारं रक्त, मग श्वासमार्ग, मग छाती.

रक्त हातापायातून उसळत असेल तर टूर्निकेट. जखमेच्या दोन-तीन इंच वर, पण गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. मांडीवर बांधताना खिशात मोबाइल, किल्ल्या नाहीत ना ते आधी बघा. पट्ट्याखाली वस्तू राहिली तर दाब नीट बसत नाही. सगळी करामत पट्टा ओढण्यात आहे. दांडी फिरवण्याआधीच तो इतका घट्ट हवा की खाली बोटांची टोकं शिरता कामा नयेत. पट्टा ढिला ठेवून नुसती दांडी पिळत बसलं तर दाब पुरत नाही. रक्त थांबेपर्यंत दांडी फिरवा, खाचेत अडकवा, वेळ लिहा. माणूस कळवळेल, "सोडा" म्हणून विनवेल. सोडायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी ढिला करा असं पूर्वी शिकवत; ते आता कुणी शिकवत नाही. रक्त थांबलंच नाही तर पहिल्याच्या वर दुसरा बांधा.

जांघ, काख, मान इथे टूर्निकेट बसत नाही. तिथे हिमोस्टॅटिक गॉझ (रक्त लवकर गोठवणारं औषध लावलेली जाळीदार पट्टी) जखमेत खोलवर, रक्त येतंय तिथपर्यंत बोटाने ठासायचा आणि किमान तीन मिनिटं दोन्ही हातांनी दाबून धरायचा. मध्येच उचलून बघायचं नाही. साधा गॉझही चालतो, फक्त जास्त वेळ दाबावा लागतो. छातीत किंवा पोटात मात्र गॉझ कोंबू नका.

बाकी सामान थोडकं: छातीच्या भोकावर चिकटवायचं हवाबंद चेस्ट सील, दाबपट्टी, नायट्रिलचे हातमोजे, कपडे कापायची कात्री, मार्कर, ऊब टिकवणारं चकचकीत ब्लँकेट. पॅरासिटामॉल आणि बँडेज वेगळ्या पिशवीत. छातीत अडकलेली हवा काढायला घालायची सुई ज्याला शिकवली आहे आणि वापरायची परवानगी आहे, त्यानेच बाळगावी.

आपल्याकडे गोळीपेक्षा कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाचा चरक आणि हायवे यांच्याशी गाठ जास्त पडते. मळणीत पदर किंवा ओढणी अडकली की हात जातो, आणि गावापासून मोठं हॉस्पिटल लांब असतं. टूर्निकेटचं मोल अशा वेळी कळतं. पण सर्पदंशाला तो कधीही बांधू नका. आवळून बांधल्याने जीव वाचत नाही, हातपाय गमावण्याची वेळ मात्र येते. अवयव हलू न देता प्रतिविष असेल त्या दवाखान्यात न्या.

खरेदी करताना स्वस्त नकला टाळा. ऐन वेळी त्यांची दांडी वाकते, बकल तुटतं. सरावाचा टूर्निकेट वेगळा ठेवा, कारण सतत पिळलेला पट्टा खऱ्या वेळी भरवशाचा राहत नाही. सराव एका हाताने, डावा-उजवा दोन्ही, डोळे मिटून करा. थैली उन्हात तापणाऱ्या गाडीत टाकून देऊ नका, चेस्ट सीलचा गोंद खराब होतो. पावसाळ्यात पाकिटांचं सील आणि मुदत तपासत जा.

घटनास्थळी गर्दी असतेच. त्यातल्या एखाद्याला नेमकं काम द्या: "दादा, इथे दाबून धरा." पोलिसांच्या चौकशीला घाबरून लोक मागे सरतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, हे त्यांना तिथेच सांगा.

आणि हॉस्पिटलात शिरताच तुमचं पहिलं वाक्य असं असू द्या: "उजव्या मांडीवर टूर्निकेट, 4 वाजून 10 मिनिटांनी बांधला." टूर्निकेट काढायचा की ठेवायचा हा निर्णय बांधल्यापासून दोन तासांच्या आत घ्यायचा असतो, आणि तो डॉक्टर याच वेळेवरून घेतात.