शंकर, रामानुज, सांख्य, महानुभाव: दर्शनांची तुलना वहीत कशी मांडायची

सप्ताहात बुवा एका दमात सांगतात की जग मिथ्या आहे, अन् पुढच्याच अभंगात देवाच्या पायाशी जागा मागतात. मंडपातला माणूस मनात म्हणतो, बाप्पा, जगच खोटं तर हे पाय कोणाचे? असं कधी वाटलं असेल तर दर्शनांची, म्हणजे जग, जीव अन् मुक्तीबद्दलच्या वेगवेगळ्या विचारपद्धतींची, तुलना करायला तुम्ही तयार आहात, फक्त एक वही पाहिजे.

सहा दर्शनांची नावं पाठ करून सुरुवात करू नका, परीक्षेसाठी ठीक आहे ते, पण हाती काही लागत नाही. वहीचं पान आडवं धरा अन् चार रकाने पाडा: शेवटी खरं काय काय आहे, माणूस अडकला कशानं, सुटतो कसा, अन् सुटल्यावर उरतं काय. चौथा रकाना सगळ्यात कामाचा, कारण पहिल्या तीन रकान्यांत बरेच जण एकसारखं बोलल्यासारखे वाटतात, खरी फारकत चौथ्यात दिसते.

पहिली ओळ घरच्या जवळची घेजा. आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचं मोठं स्थान. चक्रधर स्वामींच्या मतात जीव, देवता, प्रपंच (म्हणजे जग) अन् परमेश्वर हे चार पदार्थ नित्य अन् एकमेकांपासून वेगळे. देवता आपापल्या पायरीचं फळ देतात पण मोक्ष फक्त परमेश्वर देतो. म्हणजे चोख द्वैत. गावात भेटल्यावर दंडवत प्रणाम म्हणणारं एखादं महानुभाव घर असेलच, तिथं जाऊन निवांत विचारा, लोक आनंदानं सांगतात.

आता शंकराचार्य. खरं एकच, ब्रह्म, म्हणून हे अद्वैत. अडकलो अज्ञानानं, सुटतो ज्ञानानं, अन् जीव ब्रह्मच होता हे कळलं की जिवंतपणीच मुक्त. अंधारात दोरीलाच साप समजण्याचा दाखला सगळ्यांनी ऐकलेला आहे, तो सोडून द्या, खरी गंमत रामानुजांच्या आक्षेपात आहे. ते विचारतात, हे अज्ञान राहतं कुठं? जीवात म्हणाल तर जीव तर अज्ञानामुळंच झाला म्हणता, मग तो आधी कुठून आला, अन् ब्रह्मात म्हणाल तर ते ज्ञानस्वरूप, तिथं अज्ञान टिकेलच कसं. हा एक प्रश्न वहीत मोठ्या अक्षरात लिहा, मग अद्वैत मानणारे पुढं काय काय उत्तरं देतात ते शोधत बसा, पंधरा दिवस सहज जातात. ज्ञानेश्वरांनी तर अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानालाच उडवून लावलं, जग हा त्या एकाचाच विलास म्हटलं. म्हणून वारकऱ्यांना सरसकट शंकरांच्या रकान्यात कोंबू नका. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) पण असेच, अद्वैत पक्कं अन् भक्ती तरी मधुर, म्हणजे देवाला पती मानून केलेली. दोघांना वेगळी ओळ द्या.

रामानुजांकडे जीव अन् जग खरं, पण देवाचं शरीर म्हणून. मुक्ती देह पडल्यावरच, जिवंतपणी नाही. उरतं काय, तर वैकुंठात देवाची सेवा करणारा जीव. मध्वाचार्य आणखी कडक, देव, जीव अन् जड यांच्यात पाच भेद मानतात, अन् मुक्त झाल्यावरही सगळ्यांचा आनंद सारखा नाही म्हणतात. हे वाचून मला तरी थोडं खटकलं, तिथंही नंबर लागतोच का!

सांख्यात देव लागतच नाही. पुरुष म्हणजे नुसता पाहणारा चेतन, अन् प्रकृती म्हणजे जड मूळ; प्रकृतीतून निघालेली धरून सगळी मिळून पंचवीस तत्त्वं, पुरुष मात्र अनेक. सांख्यकारिकेत म्हटलंय की नर्तकी आपली कला दाखवून झाली की थांबते तशी प्रकृती थांबते, आपल्याकडच्या दंडारीत सोंग आटोपलं की नट आत जातो तसंच. पाहणारा उरतो एकटा, म्हणून कैवल्य. पतंजलींच्या योगात बरंचसं हेच आहे, वर ईश्वर अन् साधनेची रीत.

न्याय अन् वैशेषिक ही जोडीची दर्शनं सगळ्यात शेवटी घ्या, पदार्थ अन् परमाणूंची यादी पाहून माणूस वही मिटतो. पण चौथा रकाना नक्की भरा: त्यांच्या मोक्षात दुःख नाही, सुखही नाही, जाणीवसुद्धा नाही. यावर वैष्णवांचा जुना टोमणा आहे की असल्या मुक्तीपेक्षा वृंदावनात कोल्हा झालेलं बरं. मीमांसेवाल्यांचा मूळ भर यज्ञकर्म अन् स्वर्गावर, मोक्षाचा विचार नंतर आला, तिथं दोन ओळी पुरे.

रकाने भरले की एकेक दर्शन घेऊन दुसऱ्याच्या बाजूनं त्याच्यावर एक प्रश्न लिहा. सांख्याला विचारा, पुरुष काही करतच नाही तर तो अडकला काहून? अद्वैतवाल्याला विचारा, सगळं एकच तर एक मुक्त झाल्यावर बाकीचे बांधलेले कसे? कामं उरकली, तूर घरी आली की सप्ताह लागतातच, तिथं कीर्तन आटोपल्यावर चहाच्या वेळी बुवांना गाठा अन् यातला एकच प्रश्न विचारा, एकदम दोन नाही. त्यांनी दिलेलं उत्तर कोणत्या ओळीत बसतं ते घरी येऊन वहीत पाहजा.