रब्बीत हायड्रोजेल वापरताय? आधी आपल्या विहिरीच्या पाण्यात भिजवून बघा

परतीचा पाऊस सरला की कृषी सेवा केंद्रांत हायड्रोजेलची, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या भुकटीची पाकिटं दिसू लागतात. ‘पाण्याची एक पाळी वाचेल’, ‘दोन वाचतील’ असं सांगून ती विकली जातात. माल वाईट नाही. हलक्या रानात बियाणं एकसारखं उगवून यायला त्याची खरंच मदत होते. पण पैसे देण्याआधी थोडा हिशेब करा.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेलं पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात आपल्या वजनाच्या ३५० पट पाणी धरतं. शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलोची, म्हणजे एकरी १ ते २ किलो. २ किलो जेल पूर्ण फुगलं तरी एका वेळी ७०० लिटर पाणी धरणार. एकरभर ५ सेंटिमीटरची पाळी दिली तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागतं. त्यामुळे जेल पाळीची जागा घेऊ शकत नाही. ते बियाण्याजवळचा ओलावा चार दिवस जास्त टिकवतं, आणि प्रत्येक पाण्याला पुन्हा भरतं. म्हणूनच ते रानभर फेकून देण्यात अर्थ नाही. जेलच्या दहापट बारीक माती कोरडी घेऊन, तिच्यात मिसळून ते पेरणीच्याच ओळीत, बियाण्यालगत पडलं पाहिजे. वर उघडं राहिलेलं जेल उन्हानं लवकर खराब होतं.

आता पाण्याचं. जेल म्हणजे जाळीसारखे एकमेकांत गुंफलेले लांब रेणू. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून जाळी ताणली जाते आणि पाणी आत शिरतं. पाण्यात क्षार आले की हे लोटणं मंदावतं आणि जाळी आक्रसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम तर दोन धाग्यांना एकत्र बांधूनच टाकतात. मग पुढे गोडं पाणी मिळालं तरी जेल पहिल्यासारखं फुगत नाही. तापमान किंवा द्रावण जरा बदललं तरी जेलचं आकारमान एकदम किती बदलू शकतं, हे अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या टोयोइची तानाका यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं. आपल्याकडे हा बदल घडवून आणतं ते बोअरचं जड पाणी.

त्यामुळे घरीच पारख करा. दोन भांड्यांत एकेक लिटर पाणी घ्या, एकात साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं, दुसऱ्यात तुमच्या विहिरीचं. प्रत्येकात २ ग्रॅम जेल टाका. चार-पाच तासांनी मलमलच्या फडक्यातून गाळा, पाणी निथळू द्या आणि वजन करा. गोड्या पाण्यातला गोळा पाऊण किलोच्या आसपास भरेल, विहिरीच्या पाण्यातला बराच कमी. तो २०० ग्रॅमच्या खाली राहिला तर माझा सल्ला सरळ आहे: त्या पाण्यावर जेलसाठी पैसे घालू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण (खाऱ्या भूजलाच्या) पट्ट्यात तर ही परीक्षा केल्याशिवाय पाकीट घेऊच नका.

फुगलेल्या गोळ्यावर चिमूटभर पोटॅश टाकून बघा. थोड्याच वेळात कडा आक्रसतात आणि पाणी सुटू लागतं. युरियानं तसं होत नाही, कारण त्याचे दाणे विरघळले तरी भारित कण तयार होत नाहीत. म्हणून पेरणीत डीएपी किंवा पोटॅश जेलमध्ये मिसळू नका. खत वेगळ्या नळीतून, बियाण्याच्या बाजूला आणि खाली पडू द्या. ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट देणाऱ्या डाळिंबवाल्यांनी खड्ड्यात घातलेल्या जेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

जमीन कोणती, यावरही बरंच अवलंबून आहे. भारी काळ्या रानात हरभरा किंवा रब्बी ज्वारी असेल तर जेल घालू नका. ती माती मुळातच पाणी धरून ठेवते. मुरमाड, रेताड, उतारावरच्या हलक्या रानात ओलिताचा हरभरा, गहू, किंवा टोमॅटो-मिरचीची लागण असेल तर फायदा दिसतो. एकदम सगळ्या रानात नको, चार ओळी जेलच्या आणि चार बिनजेलच्या ठेवा. उगवण आणि पहिला ताण दोन्हींत कसा दिसतो ते बघून पुढचं ठरवा.

रोपवाटिकेत प्रो-ट्रेच्या (रोपांच्या खणांच्या ट्रेच्या) कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात जेल मिसळणार असाल तर कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातही क्षार असतात. मात्रा पाकिटावर लिहिली आहे तेवढीच. जास्त झालं की फुगणारं जेल रोपालाच वर उचलतं, मुळं उघडी पडतात.

विकत घेताना जेल पोटॅशियमचं की सोडियमचं हे विचारा, आणि पोटॅशियमचंच घ्या. आपल्या चुनखडीच्या, चोपण जमिनींत आणखी सोडियम नको. डायपर कापून त्यातलं जेल कुंडीत घालायचे व्हिडिओ फिरतात. ते सोडियमचं असतं, त्या वाटेला जाऊ नका.

भुकटी हाताळताना तोंडाला फडकं बांधा. उरलेलं जेल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हवेतल्या दमटपणानंही त्याच्या गुठळ्या होतात. फरशीवर सांडलं तर आधी कोरड्या झाडूनं गोळा करा. पाणी लागलं की फरशी भयंकर निसरडी होते.